जुन्या खुणा टिपायला कॅननची ३५ मिमी मॅक्रो लेन्स

मंगळुरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावर चढून वर पाहिलं की ते दिसतं. अशा छापा, बिजागरीचे गंजलेले स्क्रू, दारावरचे रंगाचे थर टिपण्यासाठी कॅननची ईएफ-एस ३५ मिमी एफ/२.८ मॅक्रो आयएस एसटीएम (२०१७) ही अगदी जवळून टिपणारी लेन्स घ्यावी का? क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅनन असेल तर जरूर घ्यावी. वजन जेमतेम १९० ग्रॅम, रेखीवपणा उत्तम. आर मालिकेच्या (मिररलेस) कॅमेऱ्यांना अ‍ॅडाप्टर लागतो, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर ती बसतच नाही.

तिच्या तोंडाशी बसवलेल्या दोन एलईडी दिव्यांची जाहिरात फार झाली. छापांच्या कामात मात्र ते बंद ठेवा. उजेड जवळजवळ समोरून पडतो, अक्षरांच्या कडांना सावली राहत नाही आणि ठसा सपाट दिसतो. कुलपाचं भोक, खोल कोनाडा, खुंटीमागची फट इथे ते खरे कामाचे. तिथेही एकच बाजू लावा.

ठशासाठी साधा टॉर्च हवा. तो कौलापासून ४०–५० सेंटीमीटर लांब, पृष्ठभागाशी १०–१५ अंशांत, डावीकडून वरच्या बाजूने धरा. उजेड खालून आला तर डोळा फसतो आणि खोल अक्षरं उठावाची वाटतात. टॉर्च अगदी जवळ आणला की एक कड पांढरी पडते आणि दुसरी काळोखात जाते. माळ्यावरच्या झरोक्यातून ऊन येत असेल तर ते झाकून घ्या, नाहीतर अर्धा ठसा निळसर आणि अर्धा पिवळट येतो.

लेन्स १:१ पर्यंत जाते, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते, पण तो मोह टाळा. १:१ ला विषय लेन्सच्या तोंडापासून जेमतेम तीन सेंटीमीटरवर येतो, लेन्सचीच सावली पडते आणि लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं बारीक करूनही जेमतेम ०.६ मिमी खोली स्पष्ट राहते. त्यापेक्षा १:४ (पाव आकार) घ्या. चौकटीत सुमारे ८९ × ६० मिमी मावतात, म्हणजे बहुतेक छापा तुकड्यातुकड्याने बसतात, आणि स्पष्ट खोली ६ मिमीच्या आसपास मिळते. कॅमेरा कौलाला समांतर नसेल तर चारेक अंशांच्या कलातच कडा पुसट होतात. हीच चूक सर्वांत जास्त होते आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती दिसत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये (पडद्यावरच्या थेट दृश्यात) दहापट मोठं करून चारही कोपरे तपासा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनाने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळाच फोटो मऊ होतो. आयएसओ २००, रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल), तिपाई (ट्रायपॉड), दोन सेकंदांचा टायमर. तिपाईवर लेन्सचं स्थिरीकरण (आयएस) बंद.

छापेशेजारी, त्याच पातळीवर, फूटपट्टी ठेवून एक फोटो हवाच. पांढऱ्या कागदाचाही एक घ्या, रंग जुळवायला उपयोगी पडतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पाणी लावू नका, पुढच्या माणसाला मूळ पृष्ठभाग मिळायला हवा. छपरावरचं कौलही काढू नका. मागच्या पडवीत रचलेली जादा कौलं असतात, त्यांवर हात बसवा.

एवढी खटपट कशासाठी, ते छाप वाचताना कळतं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर तो कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेला. नाव स्पष्ट वाचता आलं की कौल युद्धाआधीचं की नंतरचं, याचा अंदाज बांधता येतो. जुनी कौलं काढून नव्या घरावर चढवायची पद्धत असल्याने यावरून घराचं वय मात्र ठरवू नका. त्याच घरातली चौकट, बिजागरी, स्क्रूही टिपा. फिलिप्स डोक्याचे (फुलीच्या खाचेचे) स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा ते दिसले तर किमान ती दुरुस्ती त्यानंतरची.

मैलाचा दगड किंवा अख्खा दरवाजा टिपायलाही हीच लेन्स चालते. काळ्या पाषाणावर मात्र एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा, कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो.