पावसात भिजलेलं लॉनमोअर आणि न बदललेली कॉयल

साडेसात हजार रुपये. गवत कापायच्या मशीनच्या दुरुस्तीला. काम होतं ३७० रुपयांचं: क्लीनरचा स्प्रे २४०, स्पार्क प्लग १३०. आकडा लिहितानाही लाज वाटते, पण तो मिस्त्री अजून दारोदार फिरतोय.

मशीन साधं, पेट्रोलवरचं फोर स्ट्रोक. बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, कडेला प्लास्टिकखाली होतं, आडव्या पावसात भिजलं. नंतर दोरी ओढली की सुरू व्हायचं आणि चार-पाच सेकंदांत गप्प. मिस्त्रीने हवेचा फिल्टर काढून कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात जरासं पेट्रोल टाकलं, दोरी ओढली. मशीन दोन सेकंद झकास पेटलं, विझलं. "पात्रांव (मालक), कॉयल गेली. पाणी शिरलं ना!"

तिथेच त्याला हाकलायला हवं होतं. कॉयल म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग; ती गेली तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर वरून टाकलेलं पेट्रोल पेटलं कसं? पुरावा त्यानेच डोळ्यांसमोर दिला आणि मी मान डोलावली. एवढं कळत होतं तर गप्प का बसलात, असं विचाराल. अंगणात गवत गुडघ्याला लागलेलं, त्यात जनावर, म्हणजे साप, फिरतंय, आणि बाकीचे मिस्त्री "चवथीनंतर बघू" म्हणत होते.

कॉयल २,८५०, नवा कार्बोरेटर ३,२००, 'वॉटर डॅमेज सर्व्हिस' ६५०, मजुरी ८००. सगळं चिठोऱ्यावर. पक्कं बिल मागा, आणि पैसे रोख देऊ नका.

दोन दिवस चाललं, कारण त्याने फक्त कार्बोरेटरची वाटी (खालचं पेट्रोल साठायचं भांडं) पुसून वर ताजं पेट्रोल घातलं होतं. टाकीच्या तळाचं पाणी जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशी मशीन परत बंद, तेव्हा मीच वाटीचा नट १० च्या पान्याने सोडवला आणि आतलं काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. खाली धुरकट थर बसला. पाणी पेट्रोलपेक्षा जड, आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल वर नेणारं बारीक भोक, ओढतो तो तळातूनच. आताच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं. जास्त झालं की दोघं मिळून खाली उतरतात. म्हणून टाकी, नळी, वाटी, तिन्ही रिकामी करायची, उघड्यावर आणि इंजिन थंड असताना. जेटमध्ये कार्बोरेटर क्लीनर मारून उजेडाकडे धरा, भोक आरपार गोल दिसलं पाहिजे. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. फोमचा फिल्टर साबणाने धुऊन खडखडीत वाळवा. कागदी भिजला तर फेका. प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर तेही बदला. आणि पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची वायर काढा. मशीन दहा मिनिटं चालून मरत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, त्यातलं हवेचं भोक तुंबलेलं असू शकतं.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीसाठी फोन केला, तर तीनदा लाइन बदलून तिघांनीही तेच विचारलं: पक्कं बिल आहे? दुकानाचा परवाना क्रमांक? अहो, तो स्कूटरवरून आला होता, परवाना कुठला! मग ग्राहक तक्रारीच्या कचेरीतलं काउंटर. साहेब जेवायला. परत गेलो, साहेब मीटिंगला. शेवटी भेटले तर म्हणतात, साडेसात हजारांसाठी कशाला डोकं फोडता, फी भरण्यातच जाईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला मी सांगायचं! तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, तेवढं तरी तुम्ही लक्षात ठेवा.

जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कॉयल फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) झाकणाखाली असते. माझ्या झाकणाच्या स्क्रूंवर जुना गंज तसाच, खाचांत वाळलेलं गवत घट्ट बसलेलं. पाना लागलाच नव्हता. कार्बोरेटरही जुनाच, चकचकीत पुसलेला. फोन करून काढलेली कॉयल मागितली तर म्हणाला, भंगारात दिली.