विल्सन की झेवियर्स?

बारावीनंतर मुंबईत कला शाखेला जायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास निघतात. दोन्ही ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था. काही जागा ख्रिस्ती मुलांसाठी राखीव, बाकी प्रवेश सर्वधर्मीयांना खुला.

विल्सन वयाने मोठं. १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी सुरू केलेलं, प्रोटेस्टंट परंपरेतलं. भारतरत्न पां. वा. काणे इथलेच विद्यार्थी. चर्नी रोड स्टेशन जवळ, समोर गिरगाव चौपाटी (तास बुडवायला वेगळं निमित्त लागत नाही).

झेवियर्स १८६९ चं, जेझुइट (कॅथलिक संघातल्या) धर्मगुरूंनी काढलेलं. माझ्या मते पारडं इथे झुकतं ते संशोधनाच्या जुन्या पुंजीमुळे. वनस्पतिशास्त्रासाठी फादर ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), इतिहासासाठी फादर हेरास यांनी उभी केलेली संस्था आणि तिथला संग्रह. पदवीच्या मुलांना अशा गोष्टी आवारातच मिळणं दुर्मीळ. २०१० पासून कॉलेज स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षाही त्यांच्याच. सततच्या अंतर्गत मूल्यमापनाने काही जण मेटाकुटीला येतात, तेही खरं. कॉलेजच्या ‘मल्हार’ या सांस्कृतिक महोत्सवाबद्दल वेगळं सांगायला नकोच.

झेवियर्सच्या प्रवेशासाठी चुरस मोठी असते. मन तिथे असलं तरी विल्सनचा अर्ज भरून ठेवा.