टेलिकन्व्हर्टर घेताना पिनांवर टेप आहे का ते आधी बघा

हे लिहायला मला चार महिने लागले कारण आधी राग होता आणि मग वाटायचं जाऊदे, गेले पैसे. पण गेल्या आठवड्यात, मला टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावून दूरचं आणखी मोठं दाखवणारं भिंग) फसवून विकणाऱ्या त्याच माणसाची नवीन जाहिरात दिसली, खाली तोच फोटो, चोचीला पाण्याचा थेंब लटकलेला खंड्या, म्हणून आता सगळं सांगतोच.

माझ्याकडे कॅननचा डीएसएलआर आणि १००-४०० मिलिमीटरची एफ ४.५-५.६ झूम (एफचा आकडा म्हणजे लेन्सची लांबी भागिले आतलं भोक, म्हणजे अॅपर्चर; आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी). पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ४०० कमी पडायला लागतं, तसं मलाही पडलं. ६०० ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स आपल्या आवाक्यातली नाही, मग २एक्स टेलिकन्व्हर्टर लावला की ४०० चं ८०० होतं हा विचार डोक्यात बसला आणि मी सेकंडहँड शोधायला लागलो. एकाची जाहिरात सापडली. मूळ कंपनीचाच २एक्स, काच स्वच्छ, डबा नाही पण कव्हर आहे, आणि ठळक अक्षरात लिहिलेलं, "१००-४०० वर फुल ऑटोफोकस, लाइट लॉस नाही".

आता खरं सांगायचं तर इथेच थांबायला हवं होतं. २एक्स कन्व्हर्टर म्हणजे लेन्सने बनवलेल्या प्रतिमेचा मधला भाग दुप्पट मोठा करून सेन्सरवर पसरवणं, लांबीत दुप्पट आणि रुंदीतही दुप्पट, म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर वाटला जातो. म्हणून दोन स्टॉप जातातच (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा), १.४एक्स असेल तर एक स्टॉप, कंपनी कुठलीही असो. माझ्या लेन्सचं ४०० ला एफ ५.६ आहे म्हणजे आत साधारण ७१ मिलिमीटरचं भोक. कन्व्हर्टर लावून ते भोक काही मोठं होत नाही, ८०० भागिले ७१ केलं की एफ ११ येतं. हे मला वाचून माहीत होतं पण समोरच्याने जे दाखवलं त्यापुढे मला माझ्याच वाचलेल्यावर शंका आली.

त्याने मला भेटायला बोलावलं ते बरोबर भर दुपारी, मोकळ्या जागेत. मला म्हणाला, "सर, लोक काहीही बोलतात, तुम्ही तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून स्क्रीन बघा ना." त्यानेच लावून दिला, हातानेच फोकस रिंग थोडी फिरवली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. लांबवर पांढऱ्या फलकावर काळी अक्षरं होती त्यावर धरलं, बटण दाबलं, थोडी खरखर झाली आणि फोकस लागला. स्क्रीनवर एफ ५.६. अक्षरं एवढी मोठी की मी हरखूनच गेलो. "बघा, ५.६ च आहे ना? कॅमेरा कशाला खोटं बोलेल सर?" ह्या वाक्यावर मी पैसे दिले. शटर स्पीड किती आहे ते मी बघितलंच नाही, भर उन्हात तो तसाही पुरेसा होता त्यामुळे तिकडे लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याकाठी गेलो आणि सगळं उघडं पडायला लागलं. फोकस या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरतोय, कुठेच थांबत नाही, थांबला तर पक्ष्याच्या मागच्या गवतावर. आणि जिथे एरवी त्याच उजेडात त्याच आयएसओला (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) मला १/१००० सेकंदाचा शटर मिळतो तिथे १/२५० येतोय, अॅपर्चर मात्र स्क्रीनवर ५.६ च. ८०० वर हातात धरून १/२५०, स्टॅबिलायझर असला तरी पक्षी हलतोच ना, त्याला कोण स्टॅबिलाइझ करणार. तीनशेच्या वर फोटो काढले, त्यातला एकही ठेवण्यासारखा नव्हता.

त्याला फोन केला तर म्हणाला तुमच्या लेन्सचा फ्रंट फोकस आहे (म्हणजे फोकस विषयाच्या पुढेच लागतो), कॅलिब्रेट करून घ्या. मी मूर्खासारखा नव्हे, विश्वासाने लेन्स घेऊन सर्व्हिसला गेलो, तिथे लेन्स एकदम ठीक निघाली आणि तपासणीचे पैसे वेगळे गेले. याचा मला कन्व्हर्टरपेक्षा जास्त राग आहे, कारण चूक कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं आणि तरी त्याने माझ्या चांगल्या लेन्सवर संशय घ्यायला लावला.

टेप सापडली ती योगायोगाने. रात्री टेबललॅम्पखाली ब्लोअरने धूळ उडवत होतो तर कन्व्हर्टरच्या सोनेरी पिनांपैकी एका बाजूच्या तीन पिना बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळ्या चमकल्या, ओल्या असल्यासारख्या. नखाने कड लागली. अगदी बारीक आयत कापून बसवलेली पारदर्शक टेप, बरोब्बर तीन पिनांच्या मापाची, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. ओढली तर पिनांवर चिकट राहिला आणि माझ्या नखावरही. मग कन्व्हर्टर परत लावला आणि कॅमेरा चालू केला, ५.६ च्या जागी ११ आला. बटण दाबलं, फोकस हललासुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅनन ईएफ माउंटला (कॅननच्या डीएसएलआर लेन्सची जोडणी) नेहमीच्या पिनांशिवाय तीन जास्तीच्या पिना कन्व्हर्टर चालणाऱ्या लेन्सवर असतात, त्यांच्यावरून कळतं की मधे कन्व्हर्टर आहे. त्या झाकल्या की कॅमेऱ्याला वाटतं नुसती लेन्सच लावलीय, म्हणून तो एफ ५.६ दाखवतो आणि ऑटोफोकस करायला जातो. डीएसएलआरच्या बऱ्याच बॉडींचा फोकस एफ ५.६ पर्यंतच चालतो, काहींचा मधला पॉइंट एफ ८ पर्यंत, एफ ११ ला कॅमेरा स्वतःहून फोकस बंद करतो कारण फोकसच्या सेन्सरला हवा तसा प्रकाशच पोचत नाही. टेप लावण्याची युक्ती जुनी आहे, लोक १.४एक्स बरोबर स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात आणि त्यात काही गैर नाही. पण ती लपवून "लाइट लॉस नाही" म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. एक गोष्ट मात्र टेपला फसत नाही, ती म्हणजे मीटर, कारण तो लेन्समधून खरोखर आत आलेला प्रकाश मोजतो. म्हणूनच शटर चौपट खाली आला होता.

मग मी त्याने पाठवलेला तो खंड्याचा फोटो उघडला. "तुमच्यासारख्याच १००-४०० वर, ह्याच २एक्स ने" असं त्याने लिहिलं होतं आणि फोटो फाईल म्हणून पाठवलेला असल्यामुळे एक्झिफ माहिती (कॅमेरा फोटोच्या फाईलमध्ये लिहितो ती लेन्स-अॅपर्चरची नोंद) शिल्लक होती, आधी बघायचं सुचलंच नाही. ४२० मिलिमीटर, एफ ४. आता १००-४०० वर २एक्स लावून एफ ४ येणं शक्यच नाही, टेप न लावता सगळ्यात चांगलं येईल ते १०० च्या टोकाला एफ ९, आणि टेप लावली तर एक्झिफमध्ये ४०० च्या वर आकडा जातच नाही. ४२० एफ ४ म्हणजे ३०० एफ २.८ प्राइमवर १.४एक्स. लेन्स वेगळी, कन्व्हर्टर पण वेगळा. फोटो सुंदर आहे, कोणाचा आहे देव जाणे.

तरी मी म्हटलं निदान हाताने फोकस करून तरी वापरू. ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फोकस, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. एकदा नुसत्या ४०० ने काढून मधला भाग कापला आणि एकदा ८०० ने. २४ मेगापिक्सेलमधून कापल्यावर ६ च उरतात, तरी पूर्ण उघड्या अॅपर्चरला तो कापलेला भागच जास्त स्वच्छ होता, पिसांच्या कडा ८०० मध्ये दुधाळ दिसत होत्या. एफ १६ ला कन्व्हर्टर किंचित पुढे गेला, पण एफ १६ ला पहाटे फोटो काढणार कसा? ह्याच कन्व्हर्टरला ७०-२०० एफ २.८ मिळाला असता तर एफ ५.६ राहून फोकसही चालला असता, म्हणजे वस्तू वाईट नव्हती, मला विकण्याची पद्धत वाईट होती.

तर घ्यायला जाल तेव्हा उन्हात भेटू नका, संध्याकाळी किंवा आत भेटा. एव्ही मोडवर (अॅपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा) आयएसओ फिक्स करा, एकाच भिंतीवर आधी कन्व्हर्टरशिवाय आणि मग लावून धरा. २एक्स ला शटर चौपट खाली यायला हवा आणि अॅपर्चरचा आकडा दुप्पट व्हायला हवा. शटर पडला पण आकडा तोच राहिला तर पिना बघा, टॉर्च तिरपा धरून (काही दुसऱ्या कंपन्यांचे कन्व्हर्टर मुळातच कळवत नाहीत, पण मग विकणाऱ्याने तसं सांगायला हवं). टॉर्च हातात आहेच तर काचेतून आरपार पण टाका, बुरशीचे धागे आणि धूसरपणा तसाच दिसतो. फोकस रिंग आधी मुद्दाम पार बिघडवून ठेवा आणि मग बटण दाबा, तो लावून देईल त्यावर जाऊ नका. नमुन्याचे फोटो मूळ फाईल म्हणूनच मागा. मिररलेसवाल्यांचा फोकस सेन्सरवरच होतो म्हणून एफ ११ ला पण बऱ्याच बॉडींवर चालतो, पण दोन स्टॉप त्यांचेही जातातच, आणि कॅननची मिररलेससाठीची आरएफ १००-५०० लेन्स असेल तर कन्व्हर्टर लावल्यावर झूम ३०० च्या मागे येत नाही, हे पण विकणारे सांगत नाहीत.

पैसे परत मिळाले नाहीत. टेपचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. नवीन जाहिरातीत आता "१५०-६०० वर पण फुल ऑटोफोकस" लिहिलंय, ती लेन्स ६०० ला एफ ६.३ म्हणजे २एक्स वर जवळपास एफ १३. थेंबवाला खंड्या कोणाला दिसला तर विकत घेण्याआधी मला मेसेज करा, एक्झिफचा स्क्रीनशॉट आणि टेपचा फोटो दोन्ही माझ्याकडे आहेत, लगेच पाठवतो.