घरट्यातला कॅमेरा: चित्र झकास, वंशावळ बंद ठेवा

चिमण्यांच्या घरट्यासाठीची, आत कॅमेरा बसवलेली ही पेटी म्हणजे यंत्र म्हणून उत्तम आहे, हे आधी सांगून टाकते. लाकडी पेटीची फळी जाड, भोक 32 मिलिमीटरचं, म्हणजे चिमण्यांना नेमकं. छतातला कॅमेरा रात्री इन्फ्रारेडवर चालतो आणि चित्र इतकं स्वच्छ येतं, की अंड्यांवर बसलेल्या चिमणीचं पीसन् पीस वेगळं दिसतं. आवाज मात्र खरखरतो. वारा सुटला की पिल्लांची चिवचिव त्यात बुडते.

वैताग आणलाय तो सोबतच्या अॅपने. पेटीत शिरणाऱ्या पहिल्या नराला ते 'बाबा' ठरवतं, मादीला 'आई', आणि पिल्लं बाहेर आली की सगळ्यांची वंशावळ काढून 'मित्रांना पाठवा' म्हणून मागे लागतं. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नुसत्या चेहऱ्यावरून कोण कुणाचा बाप हे मी लिहून दिलं, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील!

चिमण्या जोडीने राहतात, दोघं मिळून घरटं भरतात, दोघं चारा आणतात. हे कॅमेऱ्याला दिसतं आणि ते खरंही आहे. पण मीलन होतं पेटीबाहेर, फांदीवर नाहीतर वळचणीला, आणि काही सेकंदांत उरकतं. शिवाय मादीच्या शरीरात शुक्राणू काही दिवस साठवून ठेवण्याची सोय असते. त्यामुळे अंडं घातलं त्या दिवशी कोण जवळ होतं, यावरूनही काही ठरत नाही. बर्क आणि ब्रुफर्ड या संशोधकांनी पक्ष्यांच्या डीएनए ठशांवरचं (म्हणजे डीएनए जुळवून बाप कोण ते ओळखण्याचं) काम 1987 साली छापलं, तेही चिमण्यांवरच. त्यानंतर अनेक जातींची रक्तं तपासली गेली. 2002 मध्ये हे सगळं एकत्र मांडलं, तेव्हा जोडीने राहणाऱ्या जातींत सरासरी 11 टक्क्यांहून जास्त पिल्लांचा बाप घरट्यातला नर नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेन या छोट्या पक्ष्यात तर 1994 च्या अभ्यासात हा आकडा 76 टक्के निघाला. उलट अमेरिकेतली काळी गिधाडं तपासली, तर ती जोडीदाराशी एकनिष्ठ सापडली. म्हणजे जात बदलली की हिशेब बदलतो. अॅपला मात्र सगळे पक्षी सारखेच.

आणि 'आई'चं तरी काय? चिमणी दिवसाला एकच अंडं घालते. एका सकाळी अॅपने 'अभिनंदन, आज दोन नवी अंडी!' असा फुग्यांचा निरोप पाठवला. मी चित्रीकरण मागे नेऊन पाहिलं, तर शेपटीचं एक पीस मोडलेली भलतीच मादी आत शिरून, थोडा वेळ बसून निघून गेली होती. दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकून जायचं, वाढवायचं काम त्यांच्यावर सोडायचं, ही पक्ष्यांतली जुनी युक्ती. या एका चित्रफितीसाठी मी या यंत्राला सगळं माफ करायला तयार आहे.

चाऱ्याच्या खेपांचा आलेख कामाचा आहे, फक्त त्यावरचे 'आदर्श बाबा'चे तारे काढून टाका. ब्रिटनच्या लंडी बेटावरच्या चिमण्यांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं, की बाहेरख्याली मादीबरोबर जोडी जमलेला नर पिल्लांना चारा कमी आणतो. पण आपलं पिल्लू कुठलं, हे त्यालाही ओळखता येत नाही; तो मादीच्या वागण्यावरून अंदाज बांधत असावा. तेव्हा एखाद्याच्या खेपा कमी पडल्या म्हणून त्याला एक तारा देणारे आपण कोण?

'नर' आणि 'मादी' एवढंच लिहिण्याचा पर्याय द्या, असं मी कंपनीला कळवलं. उत्तरात हसरं कुटुंब असलेलं एक स्टिकर आलं.

घेणार असाल तर अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कुटुंब' बंद करा, तारीख-वेळेची पट्टी चालू ठेवा. जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, म्हणून अंडी घालण्याच्या काळातलं रोजच्या रोज उतरवून घ्या.