बाळाच्या नावांचं ॲप घेतलं आणि ङ वर अडकलो

५ पैकी अडीच स्टार. त्यातला अर्धा फक्त ङ साठी, तो किस्सा खाली येईलच.

सातव्या महिन्यात पाय वर करून पडल्या पडल्या ॲप टाकलं, वर्षाचे २४९ रुपये भरले. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण नंतर मैत्रिणींच्या फोनवर आणखी तीन बघितली आणि सगळी एकाच माळेचे मणी निघाली. दिसायला गोड आहे, नवरा-बायकोने आपापल्या फोनवर नावं उजवीकडे-डावीकडे ढकलायची, दोघांचं जुळलं की टिंग वाजतं. पहिल्याच रात्री आमच्याकडे टिंग थांबेचना, मला वाटलं काय हो आमची मनं जुळलीत, मग कळलं की ह्यांनी क्रिकेट बघता बघता सगळीच उजवीकडे ढकलली होती.

आता मुख्य दुखणं. अर्थ. ह्या ॲपमध्ये दर तिसऱ्या नावाचा अर्थ एकतर 'सूर्याचा पहिला किरण' नाहीतर 'विष्णू' नाहीतर 'अद्वितीय'. आरव घ्या, ॲप म्हणतं 'शांत'. अहो कलरव मधला रव तो! संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा. रात्री तीनला बाळ घेऊन फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, कोश बरोबर आहे. रेयांश म्हणजे 'सूर्यकिरणाचा अंश', त्यात अंश आपला आणि रे इंग्रजांचा. विवान म्हणजे परत पहिला किरण, सूर्याला विवस्वान म्हणतात हे खरं पण मधलं 'स्व' गाळून उरलं त्याचा हा अर्थ होत नाही. नाव छान वाटलं तर ठेवा की, मी कोण बोलणार, पण मग 'प्राचीन संस्कृत नाव' असा शिक्का कशाला मारायचा?

इरा मला फार आवडलं होतं. ॲपवर 'पृथ्वी', तेही खरंच. पण मला खोड आहे उलटतपासणीची, मोनियर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश ऑनलाईन फुकट आहे तो उघडला, तर पृथ्वी, वाणी, पाणी आणि शिवाय मद्य! सासरे म्हणाले गोव्यात ह्याहून शोभणारं नाव मिळायचं नाही. शिवाय हिब्रूत इरा हे मुलग्याचं नाव, अर्थ जागरूक. कियाराची तर अजून गंमत, इटालियन किआरा म्हणजे उजळ, स्वच्छ आणि आयरिश किआरा ज्या शब्दावरून आलं तो म्हणजे काळा. एका नावात दोन्ही, आणि ॲपने फक्त उजळ ठेवलंय, कारण आपल्याला काय खपतं ते त्यांना पक्कं ठाऊक.

परदेशी नावांचं मूळ मात्र त्यातल्या त्यात बरं दिलंय हे कबूल. आमच्याकडचं ख्रिस्ती नाव दुमिंग शोधलं, मिळालं नाही, मग पोर्तुगीज स्पेलिंगने दोमिंगुश टाकलं तर बरोब्बर आलं, 'प्रभूचा', म्हणजे प्रभूच्या दिवसाचं, रविवारवालं. शेजारच्या आंटीला वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली, म्हणे ह्याला पैसे कशाला भरले, आमच्या वाड्यावर तीन दुमिंग आहेत. कायतान म्हणजे इटलीतल्या गाएता गावचा, तेही मिळालं. पण आपल्याकडे सोमवारचा सोमा, बुधवारचा बुधाजी हा अगदी तोच प्रकार, तो ॲपला माहीतच नाही. आणि माझ्या आजोबांचं नाव भिकू. 'काहीही सापडले नाही.' आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव भिकू, धोंडू, दगडू, केरू असं ठेवायचे, नियतीला वाटावं हे टाकाऊ आहे, ह्याला कशाला न्यायचं. ह्या नावांच्या मागे एकेका आईचा जीव मुठीत धरलेला असतो, आणि ॲप मला विचारतं, 'तुम्हाला भाविक म्हणायचे आहे का?' मंगेश आहे पण अर्थ नुसता 'शिव'. मंगेशीला गेलेलं शेंबडं पोरही सांगेल की पार्वती वाघाला घाबरून 'त्राहि मां गिरीश' म्हणायला गेली आणि मां गिरीशचं मंगेश झालं.

तर ङ.

लेक झाली फेब्रुवारीत, आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, एकशे आठ अक्षरं, त्यात आर्द्राची कु घ ङ छ. भटजी शांतपणे म्हणाले, ङ. मी म्हटलं म्हणजे? ते म्हणाले म्हणजे कागदावर ङ, पाळण्यात तुम्हाला हवं ते, सगळे असंच करतात. पण हे पेटले. नक्षत्राचा फिल्टर असतो ना, त्याचेच तर पैसे भरले! फिल्टर लावला आणि एक नाव आलं. ङायो. न्यूझीलंडच्या माओरी भाषेतलं, तिकडच्या एका झाडाचं नाव. आणि खरंच त्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला हाच नाकातला ङ येतो! भटजींनाही जमलं नाही ते ॲपने करून दाखवलं, अर्धा स्टार घे बाबा. उच्चार ऐकायचं बटण दाबलं तर आतली बाई म्हणाली 'एन जी आयो'. आंटी म्हणाली, "आनी तिका उलो कसो मारप?" म्हणजे हिला हाक कशी मारायची? तिथेच ङायो बारगळलं.

एक काम ॲपने करायला हवं होतं ते केलं नाही. एवढी घाई घाई करतं, 'फक्त ९ दिवस उरले' असे मेसेज पाठवून बाळंतिणीचा जीव खातं, पण नोंदणीचं एक अक्षर नाही. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही, रकाना कोरा ठेवता येतो आणि वर्षाच्या आत फी न भरता नाव घालता येतं. हे आम्हाला पालिकेतल्या क्लार्कने सांगितलं, फुकट. एकदा घातलेलं बदलायचं मात्र सोपं नाही, गोव्यात नाव-आडनाव बदलायचा १९९० चा वेगळा कायदाच आहे, तेव्हा सावकाश ठरवा.

आमचं कसं ठरलं, तर हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवशी सासूबाईंनी फोंड्याच्या बाजारातून सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणून पाळण्याला बांधला होता. वर्षातून थोडेच दिवस मिळणारं फूल, वास अख्ख्या खोलीभर. दहा दिवसांनी तो वाळून खडखडीत झाला तरी वास जाईना. ठरलं, सुरंगी. दिचोलीचा मेव्हणा म्हणाला खाणीत सुरुंग लावणार काय, म्हणू दे. बारशाला आत्याने कुर्र करून तेच नाव कानात सांगितलं.

ॲपमध्ये सुरंगी नव्हतं. 'नाव सुचवा' मध्ये मी व्यवस्थित चार ओळी भरल्या, कोकण-गोव्यातलं झाड, फुलाचे गजरे, सुवास, सगळं. तीन आठवड्यांनी मेसेज आला, तुमचे नाव स्वीकारले आहे. उघडून बघितलं.

सुरंगी. मूळ: संस्कृत. अर्थ: सूर्याचा पहिला किरण.