मेंदूच्या लहरी दाखवणारा पट्टा: अडीच स्टार

नागपूरच्या बर्डीतून घेतला, दुकानदार सांगून राहिला का आठवण आन निर्णय दोन्ही सुधारते, बाप्पा! कपाळावर नि कानामागं लहरी टिपणाऱ्या टिकल्या, डोळे मिटले का मोबाईलवर अल्फाची, म्हणजे निवांत असतानाच्या लहरीची, रेघ मोठी होते, तेवढं खरंच दिसलं, मजा आली. पण माहा इंटरेस्ट थीटा नावाच्या संथ लहरीत, सेकंदाला 4 ते 8 वेळा वरखाली होते ती. व्हेरायटी चौकात कोणत्या गल्लीनं निघायचं ठरवताना आठवणीवाला हिप्पोकॅम्पस आन कपाळामागचा ठरवणारा भाग त्याच ठेक्यावर जुळतात, मग एकाचा निरोप दुसऱ्याले नीट पोचते. आता हिप्पोकॅम्पस एवढा आत, त्याचं बोलणं टिकलीले काय ऐकू येणार भाऊ? वरून नागपूरचं ऊन, घाम आला का सिग्नल गुल. गाडीची चाबी कुठं ठेवली ते मी अजूनबी बायकोलेच विचारतो.