रिअल इस्टेटचं मास्टर्स: बोस्टन की बालेवाडी?

सिव्हिल किंवा आर्किटेक्चर झालं, साइटवर दोन-तीन वर्षं काढली, आता डेव्हलपमेंटकडे वळायचंय. पर्याय साधारण दोन: बोस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या एमआयटीतला वर्षभराचा एमएसआरईडी (रिअल इस्टेट डेव्हलपमेंटचं मास्टर्स), नाहीतर पुण्यात बालेवाडीच्या निकमार या बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्थेतलं रिअल इस्टेटचं दोन वर्षांचं एमबीए. रँकिंग नंतर बघा. आधी ठरवा, तुम्हाला भांडवलाची बाजू सांभाळायचीय की जमिनीची.

एमआयटीचं सेंटर फॉर रिअल इस्टेट १९८३चं. निकमारही १९८३चंच, पण ते बांधकाम उद्योगाने उभं केलेलं. काँट्रॅक्ट, खर्च, वेळापत्रक हा त्याचा पाया. एमआयटीत जोर कॅश फ्लो (पैशाची आवक-जावक), कॅप रेट (इमारतीच्या किमतीच्या तुलनेत वर्षाचं निव्वळ भाडं), कर्ज आणि भागभांडवलाची जुळणी यावर. या ज्ञानाला आपल्याकडे पूर्वी फारसा उठाव नव्हता. २०१९ मध्ये देशातला पहिला रीट (भाड्याच्या इमारतींत गुंतवणूकदारांचे पैसे लावणारा ट्रस्ट), एम्बसीचा, बाजारात आला. आता बीकेसीतला (मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला) फंडवालाही ऑफिस इमारतीची किंमत भाड्यावरूनच काढतो. त्याच्याकडे नोकरी हवी असेल तर बोस्टन नक्कीच कामाला येईल.

मुलुंडमधल्या जुन्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट करायचं असेल, तर मात्र आयआरआरची (गुंतवणुकीवरच्या वार्षिक परताव्याच्या दराची) पाळी फार उशिरा येते. आधी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अच्या प्रक्रियेत ५१ टक्के सभासदांची संमती मिळवा. मग समोरचा रस्ता किती रुंद, त्यावर टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) किती बसतो, ते बघा. पुण्याकडे शेतजमीन घेताय? सातबारा हा महसुली कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. वकिलाकडून जुने फेरफार काढून सर्च, म्हणजे मालकीचा शोध, घ्यावा लागतो. अमेरिकेत अशा जोखमीसाठी टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काचा विमा, असतो. आणि रेरा या रिअल इस्टेट कायद्याखाली ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, तेही फक्त जमीन आणि बांधकामाच्या खर्चापुरते. म्हणजे इथला कॅश फ्लोसुद्धा तिकडच्या साच्यात बसत नाही. मुंबईच्या बांधकाम नियमावलीतलं, म्हणजे डीसीपीआर २०३४ मधलं, जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं कलम ३३(७)(ब) केंब्रिजमध्ये कोण शिकवणार? (खरं तर ते वर्गात बसून कुठेच नीट कळत नाही. लायझनिंगवाल्या, म्हणजे परवानग्या मिळवून देणाऱ्या, आर्किटेक्टबरोबर पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात फेऱ्या मारल्या की कळतं.)

खर्चाचं गणित सरळ आहे. डॉलरमधलं कर्ज रुपयातल्या पगारातून फेडणं जड जातं, आणि पदवीनंतर तिथे काम करायला ओपीटीचं (विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीचं) एकच वर्ष. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या स्टेम यादीत असेल तरच पुढची दोन. घरचाच बिल्डरचा धंदा असेल तर मी बोस्टन म्हणेन, कारण जमिनीची बाजू घरात आयती शिकायला मिळते. पगारावर जगणाऱ्याने मुंबई-पुण्यातच राहायचं ठरवलं असेल, तर बालेवाडी.

प्रवेशाआधी दोन्हीकडच्या माजी विद्यार्थ्यांना फोन करा. सर्वात मोठं पॅकेज किती, हे विचारू नका. तुकडीतले किती जण डेव्हलपरच्या जमीन खरेदी विभागात किंवा फंडात लागले, आणि किती जण पुन्हा प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून साइटवरच गेले, तेवढं विचारा.